दुष्टांची भरभराट आणि देवाचा न्याय
(वाचन : स्तोत्र ७३)



दुसऱ्याची जमीन लाटणाऱ्याचा बंगला उभा राहतो आणि प्रामाणिक माणूस मुलांच्या फीसाठी कर्ज काढतो. मग मनात येते, देव हे पाहत नाही काय? असे विचारणे पुष्कळांना पाप वाटते. परंतु पवित्र शास्त्रात एका भक्ताने हाच प्रश्न थेट देवापुढे मांडला आहे.

हे स्तोत्र आसाफाच्या नावावर आहे. दावीद राजाने कराराच्या कोशापुढे स्तुतिगायनासाठी नेमलेल्या लेव्यांचा तो प्रमुख होता (१ इतिहास १६:४-५). उपासनेचा हा पुढारीच सांगतो की, आपला पाय घसरण्याच्या बेतात होता. कारण होते मत्सर! दुर्जन धडधाकट, श्रीमंत आणि गर्विष्ठ आहेत. मग आपण मन शुद्ध व हात स्वच्छ ठेवले ते फुकटच गेले, असे त्याला वाटू लागले (ओवी १३).

ओवी १७ मध्ये स्तोत्राला कलाटणी मिळते. आसाफ देवाच्या मंदिरात जातो. तेथे दुर्जनांवर वीज कोसळत नाही, त्यांची संपत्तीही तशीच राहते. मात्र त्यांचा शेवट काय आहे, हे आसाफाला दिसते. निसरड्या जागी आपण नव्हे, तर तेच उभे आहेत (ओवी १८). आपला उजवा हात देवाने धरलेला आहे (ओवी २३). ज्यांचा तो हेवा करीत होता, त्यांच्याजवळ नेमके हेच नव्हते.

तर मग देवावर भरवसा ठेवून गप्प बसायचे काय? नाही. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. वाडवडिलांचे वतन देण्यास नाबोथाने नकार दिला. ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करविला (१ राजे २१). तेव्हा देवाने एलीया संदेष्ट्याला त्याच मळ्यात राजासमोर पाठविले. आपणही खोट्या साक्षीला नकार द्यावा आणि अन्याय झालेल्याच्या बाजूने उभे राहावे. सूड मात्र आपला नव्हे.

पुढे अहाब नम्र झाला, म्हणून देवाने त्याच्या घराण्यावरील अरिष्ट लांबणीवर टाकले. देवाचा विलंब म्हणजे दुर्लक्ष नव्हे. ती पश्चात्तापासाठी दिलेली मुदत आहे. अशा मुदतीची गरज आपल्यालाही असतेच.

तरीही नाबोथाचे काय? त्याला या जगात न्याय मिळाला नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या ‘स्पे साल्वी’ या विश्वपत्रात म्हटले आहे की, सार्वकालिक जीवनावरील श्रद्धेसाठी न्यायाचा प्रश्न हाच सर्वांत भक्कम आधार आहे. अन्याय करणारा आणि अन्याय सोसणारा शेवटी एकाच पंक्तीला, जणू काही घडलेच नाही असे बसणार नाहीत. नाबोथाचा दावा देवाजवळ अजून उघडा आहे. निरपराध असून क्रुसावर मेलेला आणि पित्याने उठविलेला प्रभू येशू न्यायाधीश म्हणून येणार आहे. हीच आपली आशा आहे.

चिंतनासाठी :
१. मला अन्यायाची चीड येते की दुसऱ्याच्या वैभवाचा हेवा वाटतो?
२. माझी तक्रार मी मिस्साबलिदानात देवापुढे ठेवतो काय?
३. आपल्या गावातील कोणत्या ‘नाबोथा’च्या बाजूने मी उभे राहायला हवे?