झाकून ठेवलेला ऑर्गन

आजोबांचा ऑर्गन आम्ही विकला नाही, कुणाला दिला नाही, मोडीतही काढला नाही. नीट झाकून ठेवला. त्यातच तो गेला.

राजापूरकडच्या आमच्या घरी ओटीवर, भिंतीला लागून तो असायचा. आजोबा देवळातल्या उत्सवी नाटकांना साथ करायचे. 'सौभद्र' किंवा 'मानापमान' ठरलं की चार गडी तो उचलून देवळात न्यायचे आणि पहाटे पुन्हा ओटीवर आणून ठेवायचे.

वडील गेल्यावर घर बंद झालं. दादा ठाण्याला, मी पुण्यात, धाकटा आखातात. 'ऑर्गनचं काय करायचं?' हा विषय दर गणपतीत निघायचा. दादाच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, मला वाजवता येत नाही, आणि धाकट्याचं एकच पालुपद, "विकायचा मात्र नाही हं." तेवढ्यात आरतीची वेळ व्हायची आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा. निघताना मी त्याच्यावर जाड प्लास्टिक घालून सुतळीने आवळून बांधायची. आपण काळजी घेतली, याचं समाधान वाटायचं. असे सहा पावसाळे गेले.

सातव्या वर्षी गावच्या मंडळींनी नाटक बसवायला घेतलं आणि ऑर्गन मागितला. सुतळी सोडली तर आधी बुरशीचा वास आला. पेडल मारलं तर नुसतं फस्स. कारागिराला बोलावलं. त्याने मागची फळी काढली. भात्याचं रबरी कापड उंदरांनी कुरतडलेलं, फेल्टला कसर लागलेली, सरसाने जोडलेले सांधे दमटपणाने सुटलेले, आणि भिंतीकडून शिरलेली वाळवी पार सुरांच्या फळीपर्यंत पोचलेली. तो म्हणाला, "ताई, उघडा ठेवला असतात तरी बरं होतं. प्लास्टिकखाली ओल कोंडली."

तुमच्याही घरात असा ऑर्गन असेल तर आमच्यासारखी चर्चा करत बसू नका. आधी तो वाजवून बघा. पेटीचा भाता हवा सुरांतून बाहेर ढकलतो. ऑर्गनचं सहसा उलट असतं. पेडल मारलं की भात्यातली हवा बाहेर जाते आणि तिची जागा घ्यायला बाहेरची हवा सुरांतून आत खेचली जाते. हवेबरोबर धूळही आत येते आणि पितळी जिभेखाली अडकते. म्हणून मुका सूर मेला असं समजू नका, पुष्कळदा तो साफ केला की बोलतो. भात्याची परीक्षाही सोपी आहे. एक पट्टी दाबून धरा आणि पाय थांबवा. सूर काही क्षण टिकला तर भाता शाबूत आहे, पाय थांबताच विझला तर कुठेतरी गळतो आहे.

गळतो म्हणून घाबरू नका. भात्याचं कापड, चामडं, फेल्ट या झिजणाऱ्याच गोष्टी, त्या बदलता येतात. सुरांची फळी चिरली असेल किंवा तिला वाळवी लागली असेल, तर मात्र खर्चाचा अंदाज घेऊनच पुढे जा. दुरुस्ती करणाऱ्याला दोन गोष्टी बजावून सांगा. सांधे सरसानेच जोडायचे, कारण सरस ऊब आणि ओलावा दिला की सुटतो आणि पुढच्या माणसाला वाद्य पुन्हा उघडता येतं. आणि सूर उगाच कानशीने घासायचे नाहीत. घासलेलं पितळ परत येत नाही.

किमतीची स्वप्नं पाहू नका. आतल्या फळीवर अमेरिकन कंपनीचं नाव दिसलं की घरात लाखांच्या गोष्टी सुरू होतात. पण एकट्या एस्टे कंपनीनेच पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनवले होते. जुना म्हणजे दुर्मीळ असं नाही. पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंताच्या वाटल्या तर विकण्याआधी जाणकाराला दाखवा, कारण हस्तिदंताच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे.

मग खरा प्रश्न विचारा. आठवड्यातून एकदा तरी ह्याच्यासमोर कोण बसणार? उत्तरात एखादं नाव आलं तर ठेवा. बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब, जमिनीपासून चार बोटं वर, अंगावर सुती चादर, आणि पावसाळ्यातही तो वाजता राहू द्या. नाव आलं नाही, नुसतं "आजोबांची आठवण आहे हो" एवढंच आलं, तर तो वाजतो आहे तोवरच एखाद्या नाट्यमंडळाला किंवा संगीतशिक्षकाला देऊन टाका. कोकणात आणि गोव्यात संगीत नाटकं अजून होतात, ऑर्गनला मागणी असते. देताना चार ओळी लिहून द्या, म्हणजे पुढे भावंडांत शब्दाला शब्द लागत नाही.

आमच्या ऑर्गनचे बहुतेक सूर मात्र धड निघाले. पितळेला वाळवी लागत नाही. कारागिराने विचारलं, "दुसऱ्या ऑर्गनांना वापरू का?" मी ओटीवरूनच दोघांना फोन लावले. सहा वर्षं अडलेला निर्णय पाच मिनिटांत झाला, कारण आता ठरवण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं.