आधी किक-बेसचं जमव

ऐक गं बाळा, तुझा ट्रॅक ऐकला. चाल गोड आहे, पाय आपोआप हलतात. पण किक आणि बेस एकमेकांच्या उरावर बसलेत, आणि तू दोघांचेही फेडर वर ढकलत गेली आहेस. असं करू नकोस. तळाला जागाच थोडी असते. तिथं दोघांनाही मोठं करायला गेलं की दोघंही गढूळ होतात. तेव्हा आधी ठरव, तळ कोण धरणार.

समज, गाणं पांढरी पाचचं आहे. तिचा एकदम खालचा सूर ४९ हर्ट्झचा, त्याच्या वरच्या सप्तकातला ९८ चा. किकचं अंग पन्नासच्या आसपास असेल तर बेसलाइन ९८ च्या सप्तकात खेळव आणि तिच्या खालचा भाग इक्यूनं उतरव. बेसच खोल हवा असेल तर किक आखूड आणि टणक घे. तमाशाच्या फडात कान देऊन ऐक. ढोलकीची धुम तळ धरते, शाई वर बोलते, हलगी त्याहून वर कडाडते. म्हणून तिन्ही वेगळे ऐकू येतात.

दुसरी वाटणी वेळेची. हणजूणच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स बहरला आणि त्यातूनच पुढे सायट्रान्स आला. त्यात एका ठोक्याचे चार भाग करतात. पहिल्यावर किक, उरलेल्या तिन्हींवर बेस. १४५ बीपीएमला एक भाग १०३ मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्यात किकचं शेपूट संपायलाच हवं, नाहीतर पहिला बेस बुडालाच.

तुझ्या गाण्यात मात्र दोघं एकाच क्षणी पडतात, म्हणून साइडचेन लाव. किक आली की बेस दबतो आणि लगेच उठतो. १२८ बीपीएमला एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा असतो. रिलीज शंभर-दीडशेपासून सुरू कर आणि पुढे कानानं जुळव. मग बेसची पोलॅरिटी एकदा उलटी करून बघ. ज्या बाजूला तळ भरीव वाटेल ती ठेव. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो असू दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, नीट ऐक. तू म्हणतेस, "ताई, मला किक ऐकूच येत नाही." अगं, तुझ्या कानात खोट नाही, खोलीत आहे. तुझी खोली दहा बाय दहाची. ५६ हर्ट्झची लाट साधारण २० फूट लांब असते, म्हणजे तुझ्या समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराच्या बरोबर दुप्पट. अशा खोलीत तो आवाज भिंतींपाशी फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. तू टेबल मांडलंयस नेमकं मधोमध! किकचं अंगही तिथंच, पन्नास-साठमध्ये. म्हणून तू फेडर चढवतेस आणि बाहेरच्या बेसच्या स्पीकरवर तोच ट्रॅक फुटतो.

खुर्ची समोरच्या भिंतीकडे सरकव, मधोमध बसू नकोस. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात वेळ घालवू नकोस. एवढ्या लांब लाटेला त्यांचा काही अडसर होत नाही. खालचा भाग चांगल्या हेडफोनवर तपास. 'सैराट'मधलं 'झिंगाट' तुझ्या ट्रॅकशेजारी ठेव, दोन्ही सारख्या आवाजावर आण आणि तळ कोण धरतंय ते ऐक. आवाज एवढाच ठेव की आई दारातून बोलली तर ऐकू यावं. कान एकदा गेले की परत येत नाहीत, बाळा.

फोनवर बेस गायब होतो म्हणून घाबरू नकोस. एवढासा स्पीकर ४९ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. बेसला थोडं सॅच्युरेशन दे. वरचे स्वरांश उमटले की खालचा सूर मेंदू स्वतःच भरून घेतो.

आणि एक कर. माळीवाड्यातल्या विशाल गणपतीची मिरवणूक निघायच्या आधी मंडळांचे साऊंडवाले टेस्टिंग करत असतात. पेनड्राइव्ह घेऊन जा आणि म्हण, "दादा, दोन मिनिटं माझा ट्रॅक लावता का?" तिथं बहुतेक पोरंच असतील. असू देत. पुढे हो, बेससमोर उभी राहा, काय खटकतंय ते वहीत लिही आणि घरी येऊन दुरुस्त कर.