अल्प खर्चात चित्रफीत व वायगाव हळदीची विक्री

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील वायगाव (हळद्या) या गावाच्या नावापुढे हळदीचा उल्लेख कंसात लिहिला जातो, तो काही उगाच नव्हे. या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या हळदीस २०१६ साली भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. गडद केशरी गाभा, तीव्र सुवास आणि कर्क्युमिन या रंगद्रव्याचे सुमारे सहा टक्के प्रमाण, हे तिचे गुण होत. तथापि हे गुण हळकुंडात असले म्हणजे ते ग्राहकास कळतातच असे नाही. नागपूरच्या गृहिणीच्या हाती पडते ती पुडी. आणि पुडीतील पूड पिवळी दिसली की तिच्या दृष्टीने सर्व हळद सारखीच. अशा वेळी उत्पादकाला मिळणारा भाव हा मालाच्या गुणावर ठरत नाही, तो पुडीवरील छापील चित्रावर ठरतो.

मोठ्या कंपन्या ही अडचण जाहिरातीवर पैसा ओतून दूर करतात. पाच-दहा सभासदांच्या महिला बचत गटास अथवा एकट्या शेतकऱ्यास ते शक्य नाही. त्यांच्यापाशी मात्र एक असे साधन आहे, जे कंपनीस विकत घेता येत नाही: खरे शेत, खरी काहील आणि खरी माणसे. घरातील साध्या मोबाइलवर हे सर्व टिपता येते.

चित्राद्वारे शेतीचे शिक्षण देण्याचा प्रयोग नवा नाही. दिल्ली परिसरातील ८० गावांसाठी २६ जानेवारी १९६७ रोजी ‘कृषी दर्शन’ हा दूरदर्शन कार्यक्रम सुरू झाला. पुढे २००६ च्या सुमारास बंगळुरू येथील संशोधकांनी ‘डिजिटल ग्रीन’ या प्रयोगात गावच्याच शेतकऱ्यांकडून लहान चित्रफिती तयार करवून त्या शेजारच्या गावांत दाखविल्या. तेथे एक गोष्ट दिसून आली. चित्रफीत पाहणारे प्रथम विचारीत ते बियाण्याविषयी नव्हे, तर हा शेतकरी कोण व कोणत्या गावचा, हे. माणूस ओळखीचा वाटला की मग सांगणे पटते. विक्रीच्या चित्रफितीसही हाच नियम लागू पडतो. शहरातील भाड्याच्या नटापेक्षा काहीलीपाशी उभी असलेली, वऱ्हाडी बोलणारी बाई अधिक विश्वासार्ह ठरते. तिने पुस्तकी भाषा बोलण्याचा अट्टहास करू नये.

वर्ध्याला तर या विचाराची जुनी परंपरा आहे. १९३४ साली येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि १९३८ साली मगनवाडीत मगन संग्रहालय उघडले गेले. खेड्यातील वस्तू कशी तयार होते हे पाहणाऱ्यास समजावे, हा तेथील प्रदर्शनाचा एक उद्देश होता. चित्रफीत हे त्याच कामाचे खिशात मावणारे रूप म्हणता येईल.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. हळदीची काढणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात होते, आणि चित्रणासाठीही हाच काळ योग्य होय. कारण दाखविण्याजोगे सर्व काही याच दिवसांत घडते. कुदळीने उकरलेला गड्डा, मातीतून बाहेर येणारी बोटे, शिजत असलेल्या काहीलीवर येणारा फेस, पांढरी वाफ, उन्हात पसरलेली हळकुंडे, फिरत्या ढोलातील चकाकी, ही दृश्ये पुढे दहा महिने मिळणार नाहीत. काढणीच्या धांदलीत चित्रणाकडे लक्ष देणे कठीण असते, हे खरे. म्हणून गटातील एकाच व्यक्तीवर हे काम सोपवावे आणि तिने रोज दहा मिनिटे तेवढेच करावे.

सर्वांत मोलाचे दृश्य अर्ध्या मिनिटाचेही नाही. वाळलेले हळकुंड कॅमेऱ्यासमोर फोडावे, आतील केशरी गाभा जवळून दाखवावा आणि तेच हळकुंड तेथेच दळावे. दळलेल्या पुडीत काय मिसळले आहे हे डोळ्यांना कळत नाही. अख्ख्या हळकुंडात भेसळ लपविणे अवघड असते. म्हणून हे साधे दृश्य दहा वाक्यांच्या प्रशंसेपेक्षा अधिक सिद्ध करते. त्याबरोबरच एक हिशेबही सांगावा: १०० किलो ओल्या हळदीपासून वाळलेली हळद सुमारे २० ते २५ किलोच मिळते. भाव का अधिक आहे हे मग ग्राहकास निराळे सांगावे लागत नाही.

चित्रण सकाळी नऊच्या आत अथवा सायंकाळी करावे. विदर्भातील मध्यान्हीचे ऊन चेहऱ्यावर काळ्या सावल्या पाडते आणि मोबाइलही तापून बंद पडतो. प्रकाश बोलणाऱ्याच्या तोंडावर यावा, पाठीमागून नव्हे. अपवाद फक्त वाफेचा, कारण पाठीमागून कोवळे ऊन आले तरच ती खुलून दिसते. हात थरथरू नये म्हणून विटांच्या चवडीवर किंवा बांबूच्या तिकाटण्यावर मोबाइल टेकवावा. खर्च करावयाचाच असल्यास तो प्रथम आवाजावर करावा. गळ्याशी लावण्याचा लहान ध्वनिग्राहक काही शे रुपयांत मिळतो. चित्र थोडे अंधूक असले तरी पाहणारा थांबतो, परंतु वाऱ्याच्या घोंघावण्यात शब्द कळेनासे झाले की तो पुढे जातो. सिनेमाचे गाणे लावण्याचा मोह आवरावा. त्यास हक्कधारकाची परवानगी लागते, आणि गिरणीचा आवाज त्याहून बरा.

चित्रफीत एका मिनिटाच्या आत संपवावी व तीत एकच गोष्ट सांगावी. आरंभी नमस्कार-चमत्कारात वेळ न दवडता पहिल्याच क्षणी हळकुंड फोडावे. शेवटी गावाचे पूर्ण नाव, पाकिटाचे वजन, किंमत व दूरध्वनी क्रमांक सावकाश सांगून पडद्यावरही दाखवावा. गावाचे नाव पूर्ण सांगणे येथे विशेष अगत्याचे आहे, कारण याच जिल्ह्यात वायगाव (निपाणी) हे दुसरे गाव आहे.

काही बाबतींत मात्र कसूर चालत नाही. वस्तूंच्या भौगोलिक निर्देशांकाच्या १९९९ च्या कायद्यानुसार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल त्यानेच ते नाव व चिन्ह विक्रीसाठी वापरावे. नोंदणी नसल्यास ती प्रथम करून घ्यावी. हळदीने अमुक रोग बरा होतो असे सांगणे तर सर्वस्वी टाळावे. हळदीविषयी घरोघरी जे बोलले जाते ते जाहिरातीत उच्चारताच कायद्याच्या कक्षेत येते. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय यासंबंधीचा कायदा आणि अन्नपदार्थांच्या जाहिरातींचे नियम अशा दाव्यांना मनाई करतात. कर्क्युमिनचा आकडा सांगावयाचा असेल तर त्याच मालाचा प्रयोगशाळेचा दाखला हाताशी असावा. एका गटाने केलेला खोटा दावा उघडकीस आला तर नाव जाते ते साऱ्या वायगावचे. चित्रात दिसणाऱ्या मजूर स्त्रियांची संमतीही आधी घ्यावी.

तयार चित्रफीत पोहोचविण्यास पैसे पडत नाहीत. व्हॉट्सॲपच्या व्यापारी खात्यावर मालाची यादी विनामूल्य ठेवता येते. एका वेळी अनेकांना पाठविण्याच्या यादीत २५६ नावे मावतात; परंतु ज्यांनी गटाचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश मिळतो. म्हणून प्रत्येक पाकिटात तशी विनंती करणारी चिठ्ठी घालावी. चित्रफीत फेब्रुवारीअखेरीपासून पाठविण्यास आरंभ करावा, कारण घरोघरी वर्षभराचे तिखट-मसाले मार्च ते मे या काळात होतात; त्यानंतर आलेली चित्रफीत लोक कौतुकाने पाहतात, पण खरेदी करीत नाहीत.

खर्चाचा ताळा असा मांडावा. समजा, ध्वनिग्राहक व इतर किरकोळ बाबींवर ६०० रुपये लागले, आणि थेट विक्रीत टपालखर्च वजा जाता किलोमागे ६० रुपये अधिक उरले, तर १० किलो विकल्यावर खर्च भरून निघतो. प्रत्येक मागणीच्या वेळी ‘आपणास कसे कळले?’ एवढे विचारून वहीत टिपून ठेवावे. आणि कोठारात ५० किलो माल असता ५०० लोकांस आमंत्रण देऊ नये. माल संपताच तसे कळवून पुढील हंगामासाठी नावे लिहून घ्यावीत.