राखणदाराची राखण

वारूळवाडीच्या मळ्यांत राहणाऱ्या कुटुंबाचा पहिला राखणदार म्हणजे दारांतील कुत्रा. रात्रीं उसांत बिबट्या फिरूं लागला, कीं त्याच्या भुंकण्यानेंच घरचीं माणसें सावध होतात. घरांतील धान्य उंदरांपासून राखण्याचें काम मांजर करितें. परंतु जे आमची राखण करितात त्यांची राखण कोणीं करावी, हा प्रश्न आम्ही स्वतःस क्वचितच विचारतों.

पिसाळरोगाचा, म्हणजेच रेबीजचा, विषाणु रोगी जनावराच्या लाळेंत असतो. चाव्यावाटें तो शरीरांत शिरतो आणि मज्जातंतूंच्या मार्गानें हळूहळू मेंदूकडे जातो. या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात. लक्षणें एकदां दिसूं लागलीं, कीं मनुष्य असो वा पशु, त्यांतून वांचणें जवळजवळ अशक्यच. मधला अवधि तेवढा आपल्या हातीं असतो.

या अवधीचा उपयोग लुई पाश्चर यांनीं प्रथम करून दाखविला. ता. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिस येथें जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलास लस टोंचण्यास आरंभ झाला व तो वांचला. हिंदुस्थानांत १९०० सालीं कसौली येथें पाश्चर संस्था निघाली. तेथें डेव्हिड सेम्पल यांनीं मेंढीच्या मेंदूपासून लस सिद्ध केली. पोटांत घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची जी धास्ती वडील मंडळी अद्याप सांगतात, ती याच जातीच्या लसीची. ती आपल्या देशांत २००४ सालाच्या अखेरीस बंद झाली. आतां दंडांत थोडक्याच टोंचण्या पुरतात.

तथापि रोग मुळांतच खुडणें अधिक शहाणपणाचें. पिलूं तीन महिन्यांचें झालें कीं त्यास रेबीजची लस द्यावी, आणि पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती दरवर्षीं द्यावी. मांजरासहि हाच नियम. शंभरांतील सत्तर कुत्र्यांस लस मिळाली, तर रोगाची सांखळी तुटते. गोव्यांत २०१४ पासून गांवोगांव हें कार्य चाललें, आणि २०२१ सालीं तें राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालें.

डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांवरहि लसी आहेत. त्यांचा संबंध रानाशींहि पोंचतो. २०१८ सालीं गीरच्या अरण्यांत सिंह मेले, तेव्हां कांहींच्या शरीरांत डिस्टेंपरचे विषाणु आढळले. आमच्याकडील बिबट्या तर कुत्र्यांवरच पुष्कळसा जगतो. म्हणून दारच्या कुत्र्याचें आरोग्य हें रानाचेंहि आरोग्य होय.

विद्यार्थिबंधूंस एक विशेष सांगणें आहे. घरचीं माणसें रागावतील या भीतीनें पुष्कळ मुलें चावा, किंवा मांजराचा ओरखडा, लपवितात. हें मौन प्राणघातक ठरूं शकतें. जखम तत्काळ वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. तिच्यावर चुना किंवा मिरचीपूड लावूं नये, मंत्रतंत्रांत वेळ दवडूं नये, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा. आपल्या कुत्र्यास लस दिली असली तरी वैद्यास विचारल्यावांचून स्वस्थ बसूं नये.

पाश्चर यांची पुण्यतिथि, ता. २८ सप्टेंबर, हा दिवस जगभर रेबीजदिन म्हणून पाळतात. त्या दिवसापूर्वीं प्रत्येकानें आपल्या घरच्या कुत्र्यामांजरांस लस केव्हां दिली होती, हें वडिलांस विचारावें. उत्तर मिळालें नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं जनावरांच्या दवाखान्याची वाट धरावी.