मोबाइलमध्ये वेळ कोठे जातो?

कीर्तन असले की शेवटी आरती होते आणि मंडळी घरी जातात. जत्रेतला पाळणा चार फेरे घेऊन थांबतो. वर्तमानपत्राचेही शेवटचे पान येते. मोबाइलवरच्या चित्रफितींना मात्र शेवट नाही. एक संपते न संपते तोच अंगठ्याखाली दुसरी हजर! हे आपोआप घडत नाही बरे का. ते तसे मुद्दाम केलेले आहे.

कशासाठी, ते पाहू. फेसबुक २००४ साली सुरू झाले, यूट्यूब २००५ साली, व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली. यांपैकी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम ही तिन्ही आज मेटा या एकाच कंपनीची आहेत. यूट्यूब गूगलचे आहे. ती पाहायला आपल्याला पैसे द्यावे लागत नाहीत. मग या कंपन्यांचे पोट कशावर भरते? मुख्यतः जाहिरातींवर. आपण जितका जास्त वेळ पाहत बसू, तितक्या जास्त जाहिराती आपल्याला दाखवता येतात. म्हणजे आपला वेळ हाच त्यांचा माल. बाजारात आपण कांदा विकतो, तेव्हा काट्यावर नजर ठेवतो. हा माल मात्र न मोजता देऊन टाकतो.

म्हणून थोडे गणित करू. चार ठिकाणी रोज पंचवीस-पंचवीस मिनिटे गेली, तर झाली १०० मिनिटे. महिन्याचे ३० दिवस धरा. ३,००० मिनिटे झाली, म्हणजे ५० तास. आठ तासांचा एक रोज धरला, तर सहा रोज भरून वर दोन तास उरतात.

आता गटांचे पाहा. एकेका मोबाइलमध्ये किती गट! भावकीचा, बचत गटाचा, शाळेचा, डेअरीचा, तरुण मंडळाचा. सकाळी फुलांचे एक चित्र निघते, आणि तेच पाच गटांतून पाच वेळा येते. बचत गटातल्या एका ताईंचे काय झाले, ऐका. बैठकीची तारीख बदलल्याचा निरोप त्यांना आला होता. पण तो फुलांच्या ढिगाखाली गेला. कर्जाच्या अर्जावर सही राहिली आणि शेळीचा ठरलेला सौदा मोडला. ताई तर दिवसभर मोबाइल पाहतच होत्या!

गट सोडला तर भावकी रुसेल, असे पुष्कळांना वाटते. मग सोडू नका. गटाचा आवाज बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तो आठ तास, एक आठवडा किंवा कायमचा बंद ठेवता येतो. इतरांना ते कळतही नाही. ज्या एकदोन गटांत खरे कामाचे निरोप येतात, त्यांचाच आवाज चालू ठेवावा. यूट्यूबवर जाताना काय पाहायचे ते आधी ठरवून जावे. डाळिंबावरच्या तेल्या रोगाची माहिती हवी, तर तेवढीच शोधावी, पाहावी आणि बाहेर पडावे.

आपल्यासारख्या नव्याने वाचू लागलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. आमच्या मते हीच सर्वांत मोठी. चित्रफीत पाहायला अक्षरे लागत नाहीत. रात्रीचा वर्ग चुकवून ती पाहत बसले, तर कष्टाने बसवलेली अक्षरे पुसट होतात. त्यापेक्षा लेकीला बोलका निरोप न धाडता चार शब्द मराठीत लिहून धाडा. चुकले तरी तिला कळेल.

पुष्कळ अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' नावाची जागा असते. दिवसभरात कशावर किती मिनिटे गेली, ते तिथे दिसते. रोजची मर्यादाही तिथेच घालता येते. ती संपली की ते अ‍ॅप त्या दिवसापुरते बंद होते. मर्यादा पुढे घालू, आधी मोजू. वहीत चार रकाने आखा. झोपण्यापूर्वी आकडे पाहून उतरवा. सात दिवस झाले की वही वर्गात आणा. बेरीज आपण मिळून करू.