मार्थेचे स्वयंपाकघर



येत्या २९ जुलैला संत मार्था, मरिया आणि लाजर या भावंडांचा स्मरणदिन आहे. पूर्वी हा दिवस एकट्या मार्थेचा असे. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने तिघांची नावे एकत्र आली.

लूककृत शुभवर्तमानातील (१०:३८-४२) मार्थेची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. प्रभूने तिला स्वयंपाक बंद करायला सांगितले नाही. तिचे मन दहा ठिकाणी ओढले जात होते, तेवढे दाखवून दिले. आपलेही तसेच होते. हात परातीत आणि मन लाईटबिलात, मुलांच्या फीमध्ये, नळाला पाणी कधी येणार यात. खुरपणीहून येऊन चुलीपुढे बसणाऱ्या बाईला हे वेगळे सांगायला नको. मग भाकरी करपते आणि राग लेकरांवर निघतो.

काम करता करता जपमाळ म्हणावी, असे आपण म्हणतो. चांगलेच आहे. पण आपल्या जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांची कथा आठवा. बाळाकडे लक्ष ठेवा, असे सांगून पत्नी पाण्याला गेली. काका विठ्ठलनामात रंगून चिखल तुडवीत राहिले आणि बाळ पायाखाली आले. पुढे विठ्ठलकृपेने ते परत मिळाले, असे वारकरी श्रद्धेने सांगतात. आम्हाला मात्र घागर घेऊन परतलेली ती आई आठवत राहते.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स (मृत्यू १६९१) स्वयंपाक सांभाळीत. त्यांना ते काम मुळीच आवडत नसे. तरी सुरुवातीला ते देवाजवळ कृपा मागत, काम त्याच्या प्रेमाखातर करीत, आणि चुकले तर क्षमा मागून पुन्हा कामाला लागत.

आपणही पीठ मळण्यापूर्वी क्रुसाची खूण करू या. मग पिठाचा मऊपणा, तव्याची धग, भाकरीला पाणी लावण्याची वेळ, एवढ्यातच मन ठेवू या. ते भटकले की प्रभूचे नाव घेऊन परत आणावे. एका भाकरीपुरते जमले तरी पुष्कळ.

एक राहिलेच. बहिणीने मला एकटीला कामात टाकले, ही मार्थेची तक्रार होती. शांत मनाने काम करा, असा उपदेश बायकांना करून पुरुषांनी टीव्हीपुढे बसावे, असे शुभवर्तमानात कुठेही नाही. तेव्हा आज मिस्सेनंतर घरी गेल्यावर पाणी कोण भरणार आणि भांडी कोण घासणार, ते चहा पितानाच ठरवून टाकू या.