नेमून दिलेले वाचन, रोजची वीस मिनिटे

रोज बायबल वाचायचे असे ठरवणारे पुष्कळजण उत्पत्तीच्या पहिल्या पानापासून सुरुवात करतात, निर्गमापर्यंत उत्साहाने जातात आणि लेवीयमधल्या यज्ञविधींपाशी अडतात. काहीजण हाताला येईल ते पान उघडतात किंवा आवडीची चार स्तोत्रे पुन्हा पुन्हा वाचतात. या सगळ्या वाटांनी मी गेले आहे. त्यानंतर माझे मत पक्के झाले ते असे, की वाचन आपण निवडू नये. ख्रिस्तसभेने त्या दिवसासाठी जे नेमून दिले आहे ते घ्यावे. आपण निवडतो तेव्हा आपल्याला ऐकायचे असते तेवढेच ऐकतो. नेमलेले वाचन आपली सोय पाहत नाही, आणि म्हणूनच ते आपल्याला गाठते.

तयारी आदल्या रात्री करायची. उद्याचे वाचन कोणते ते पाहा, पानात दोरा घाला आणि बायबल उशाशी किंवा वेदीपाशी ठेवा. सकाळी पाने उलटण्यात पाच मिनिटे गेली की मन तिथेच विस्कटते. वाचनांचा हा क्रम कॅथलिक चर्चमध्ये १९६९ साली नव्याने आखला गेला आणि तो समजून घ्यायला सोपा आहे. रविवारची वाचने तीन वर्षांच्या फेऱ्यात फिरतात: अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. योहानाचे शुभवर्तमान मुख्यतः प्रायश्चित्तकाळात आणि पुनरुत्थानकाळात येते. चालू वर्ष कोणते हे ओळखायचे असेल तर सालाचे आकडे मिळवा. बेरजेला तीनने पूर्ण भाग गेला की ते क वर्ष. २०२५ ची बेरीज नऊ, म्हणजे क. त्यापुढचे २०२६ अ आणि २०२७ ब. मात्र उपासनेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाबरोबर सुरू होते. सामान्यकाळात इतर वारांचे पहिले वाचन दोन वर्षांच्या फेऱ्यात असते. शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच. दिवसाचे संदर्भ चर्चच्या दिनदर्शिकेत आणि मोबाइलवरही मिळतात. मोबाइलवर फक्त संदर्भ पाहावा, वाचन कागदावरूनच करावे.

कोणते बायबल घ्यावे? घरात आहे ते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले भाषांतर १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. बायबल सोसायटीचे भाषांतर प्रॉटेस्टंट घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत आहे, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवते.

सकाळी उठल्यावर बसा, ताठ पण आखडून नको. मेणबत्ती लावायची तर लावा. एक मिनिट काहीच करू नका. मग पवित्र आत्म्याला एका वाक्यात हाक मारा: मला ऐकायला शिकव, एवढे पुरे. क्रुसाची खूण करा आणि पुस्तक उघडा.

आता वाचा, आणि मोठ्याने वाचा. संत अँब्रोज ओठ न हलवता वाचत असत याची संत ऑगस्टीनने चौथ्या शतकात मुद्दाम नोंद घ्यावी, इतके मोठ्याने वाचणे त्या काळी रूढ होते. आपल्याकडेही फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले ते ओव्यांमध्ये, म्हणजे म्हणण्यासाठी आणि ऐकण्यासाठी. पहिल्यांदा सरळ वाचून काढा. दुसऱ्यांदा सावकाश वाचा, आणि एखादा शब्द पदराला धरून ओढू लागला की तिथेच थांबा. पुढचे राहिले तरी चालेल.

बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या फ्रेंच मठाधिपतीने या वाचनाला चार पायऱ्यांची शिडी म्हटले: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, असे तो सांगतो. मठवासी मननाला रवंथच म्हणत. गाय सावलीत बसून करते तोच.

हा रवंथ कसा करायचा ते एका उताऱ्यावर दाखवते. ब वर्षाच्या तिसाव्या सामान्य रविवारी, साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, मार्कच्या दहाव्या अध्यायातला बार्तीमय येतो. यरीहोच्या वेशीबाहेर बसलेला आंधळा भिकारी. लोक त्याला गप्प करतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि त्याला बोलावतो. तेव्हा बार्तीमय अंगावरचे वस्त्र टाकून उठतो. हे वस्त्र टाकणे फक्त मार्कने लिहिले आहे, मत्तयात आणि लूकमध्ये ते नाही. इथे थांबा. भिकाऱ्याजवळ एवढेच वस्त्र असेल: रात्री पांघरायला तेच, दिवसा पुढे पसरून नाणी झेलायलाही बहुधा तेच. आंधळ्याने ते गर्दीत टाकले म्हणजे परत सापडेल याची खात्री नाही. मग स्वतःला विचारा, मी काय धरून बसले आहे?

पुढे येशू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे. हा प्रश्न ओळखीचा वाटतो, कारण आदल्याच रविवारी याकोब आणि योहान यांना त्याने जवळजवळ हाच प्रश्न विचारलेला असतो. त्या दोघांनी उजवी-डावीकडच्या जागा मागितल्या होत्या, आंधळा दृष्टी मागतो. क्रमाने वाचणाऱ्याला ही जोड आपोआप दिसते. त्याच दिवशी पहिल्या वाचनात यिर्मया बंदिवासातून परतणाऱ्यांचा लोंढा रंगवतो. त्यात आंधळे आहेत, लंगडे आहेत, गरोदर बायकाही आहेत. प्रतिसाद स्तोत्र १२६वे, रडत पेरणाऱ्यांचे. ही वाचने एकमेकांशी बोलतात, म्हणून रविवारी शुभवर्तमानाबरोबर पहिले वाचन आणि स्तोत्रही वाचावे. इतर दिवशी वेळ कमी असेल तर शुभवर्तमान तरी.

मननातून जे हाती आले ते घेऊन देवाशी बोला, स्वतःच्या शब्दांत, घरात बोलता त्या बोलीत. सामवेदी, वाडवळी, कोकणी, जी असेल ती. पुस्तकी शब्द शोधू नका. राग असेल तर राग सांगा. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत तक्रारी आणि आक्रोशाची स्तोत्रे भरपूर आहेत, देवाला ती नवी नाहीत. आजारी शेजारीण, परीक्षेला बसलेला मुलगा, रुसलेला भाऊ, सगळ्यांची नावे इथेच घ्या. मग बोलणे थांबवा आणि दोन-तीन मिनिटे नुसते बसा. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणा.

उठण्यापूर्वी वहीत तारीख, संदर्भ आणि एक ओळ लिहा. एकच ओळ. पान भरून लिहायला गेलात तर आठवड्यात वही बंद पडेल.

रात्री ती ओळ पुन्हा वाचा. संत इग्नाती लोयोला यांनी दिवसाचे परीक्षण करायला शिकवले ते इथे जोडता येते: आज कशाबद्दल आभार मानावेत, आणि कुठे चुकले? घरात संध्याकाळी रोझरी होत असेल तर ती संपल्यावर हे ओघानेच होते. मुलांनाही दोन्ही प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे आपल्यापेक्षा थेट असतात.

कोरडे दिवस येतील. वाचन अंगाला लागणार नाही, डोळा घड्याळाकडे जाईल. आविलाची संत तेरेसा हिने आपल्या आत्मचरित्रात कबूल केले आहे की कित्येक वर्षे प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच तिचे कान लागलेले असत. तरी ती बसत राहिली. अशा दिवशी वेळ कमी करा, दहा मिनिटे करा, पण जागा सोडू नका. एखादा दिवस चुकला तर मागचे वाचन भरून काढू नका, आजचे घ्या.

सुरुवातीसाठी आगमनकाळाची किंवा राखेच्या बुधवारची वाट पाहू नका. उद्याचे वाचन कोणते ते आज रात्रीच पाहा आणि त्या पानात दोरा घालून ठेवा.